स्विफ्ट १.२ पेट्रोल : चाळीस हजारांत ताकद वाढवायची तर पैसे कुठे घालावेत?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गाडी : मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१५, १.२ पेट्रोल, रनिंग ९२,००० किमी. सीएनजी नाही. टायर १६५/८० आर१४, बदलायला आलेत.

वापर : रोज सातारा शहरात, सुट्टीला मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर. चार माणसं, थोडं सामान, एसी चालू.

अडचण : घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ४०-४५ च्या वेगाला गाडी दम तोडते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, उलट उतरत जातो.

बजेट : ४०,००० रुपये. एका ट्यूनिंगवाल्याने दिलेलं कोटेशन असं : कोन टाइप एअर फिल्टर ६,५००, फ्री-फ्लो सायलेन्सर १४,०००, ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं) १८,०००. एकूण ३८,५००. यातून १५ ते २० बीएचपी वाढेल असं तो म्हणतो. हे पटण्यासारखं आहे का? नसेल तर याच पैशात काय करता येईल?

स्पॅनर_१०_१२

इतक्यात अ‍ॅडव्हान्स देऊ नका. १५-२० बीएचपी या इंजिनातून या तीन गोष्टींनी निघत नाहीत. हे १,१९७ सीसीचं विनाटर्बो इंजिन आहे, कंपनीचा आकडा ८४.३ पीएस (ताकद, बीएचपीच्याच जवळपासचं माप) ६,००० आरपीएमला आणि ११५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ) ४,००० ला. तिन्ही कामं नीट झाली तर ४-५ बीएचपी मिळतील, तेही वरच्या आरपीएमला. तुमची अडचण २,००० आरपीएमच्या आसपासची आहे.

आधी एक काम करा. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं उपकरण) घ्या, ८०० ते १,५०० रुपयांत येतो. फोनवर अ‍ॅप टाका आणि हे आकडे लिहून काढा :

१. कूलंट तापमान, हायवेवर २० मिनिटं सरळ चालवल्यावर. ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर हवं.

२. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा ईसीयू किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय. गरम इंजिनावर आयडलिंगला एकदा, मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या-पाऊण अ‍ॅक्सिलरेटरला एकदा.

३. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना जो आकडा दिसतो ती बाहेरच्या हवेची दाब-पातळी. साताऱ्यात ती ९३ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. मग दुसऱ्या गिअरमध्ये ४,००० आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून तोच आकडा बघा. शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही.

तिसऱ्या आकड्यावरून फिल्टरचा निकाल लागतो. बाहेर ९३ आणि आत ९१ असेल, तर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल मिळून जेमतेम दोन टक्के हवा अडतेय. जगातला सर्वात भारी फिल्टर लावला तरी त्या दोन टक्क्यांतलाच काही भाग परत मिळणार. आत ८७-८८ दिसत असेल, तर फिल्टर तुंबलाय किंवा पाइप कुठेतरी दबलाय. मग ३०० रुपयांचा ओरिजिनल कागदी फिल्टर बदलून परत बघा.

लाल_स्विफ्ट

स्पॅनरभाऊ, कोन फिल्टर लावलेल्या गाड्या चालवून बघा. मोकळी होते गाडी, पिकअपमध्ये फरक जाणवतो. सगळे उगाच लावतात का?

स्पॅनर_१०_१२

@लाल_स्विफ्ट, जाणवतो तो आवाज. कंपनीच्या एअरबॉक्समध्ये हवेचा आवाज दाबणारे कप्पे असतात, ते काढले की इंजिन जोरात ओढतंय असं कानाला वाटतं. घड्याळ लावलं की फरक सापडत नाही.

शिवाय उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. कंपनीचा पाइप तोंड पुढे ठेवून ग्रिलजवळून बाहेरची हवा घेतो. दर १० अंशांमागे हवेची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते, आणि घाटात हळू चढताना बॉनेटखाली बाहेरपेक्षा २०-३० अंश जास्त सहज असतात. म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच तोटा. ज्या गाड्यांत एमएएफ (आत येणारी हवा तारेने मोजणारा) सेन्सर आहे तिथे तेल लावलेल्या फिल्टरचं आणखी एक दुखणं असतं. धुतल्यावर तेल जास्त लागलं की ते सेन्सरच्या तारेवर बसतं आणि हवेचं मोजमाप चुकतं.

शुभदा_कॅल

घाटाचा हिशेब मांडते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. आकडे अंदाजी आहेत, पण फार चुकणार नाहीत.

गाडी सुमारे ९६५ किलो, चार माणसं आणि सामान धरून १,३०० किलो. चढ १५ ला १, वेग ताशी ४५ किमी, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. नुसतं वर चढायला १०.६ किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण २ किलोवॅट, हवेचा विरोध पाऊण किलोवॅट. चाकाशी साडेतेरा किलोवॅट झाले. गिअरबॉक्समधली गळती आणि एसीचा कॉम्प्रेसर धरला की इंजिनाकडून सुमारे १८ किलोवॅट, म्हणजे २४-२५ पीएस हवेत.

आता इंजिन काय देतं? तिसऱ्या गिअरमध्ये ४५ ला इंजिन २,१०० आरपीएमच्या आसपास असतं. तिथे टॉर्क ९५ एनएम धरला तर ताकद होते २८ पीएस. ही समुद्रसपाटीची. विनाटर्बो इंजिन दर १,००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे घाटाच्या मधोमध तुमच्याकडे २५ उरतात. लागतात २४-२५. शिल्लक शून्य. गाडी दम तोडते ती इथे.

दुसरा गिअर टाका. त्याच वेगाला आरपीएम ३,१०० ते ३,२०० होतं. टॉर्क ११० च्या आसपास, ताकद ५० पीएस, उंचीचे १० टक्के वजा केले तरी ४५. गरजेपेक्षा २० पीएस जास्त, एक रुपया न खर्चता. १८,००० च्या रिमॅपने २,१०० आरपीएमला चार टक्के वाढ झाली असं मानलं तरी हाती येतो एक पीएस.

आपल्याकडे अनेकांना ३,००० च्या वर इंजिन नेणं म्हणजे त्याचे हाल वाटतात. या इंजिनाची कमाल ताकदच ६,००० ला आहे, ३,२०० हा निम्म्याच्या किंचित वरचा आकडा आहे. उलट १,५००-१,८०० ला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढत नेणं बेअरिंगांवर आणि क्लचवर जास्त भार टाकतं.

कृष्णाकाठ

शुभदाताई, हा हिशेब पहिल्यांदाच असा कुणी मांडला. दुसऱ्यात आवाज फार येतो म्हणून टाळत होतो. पण चार वर्षांपूर्वी हाच घाट याच गाडीने तिसऱ्यात निघायचा, हेही खरं. स्कॅनर मागवला आहे, आकडे टाकतो.

मधल्या वेळात एक विचारतो : रिमॅप अगदीच फुकट का?

शुभदा_कॅल

फुकट नाही, तुमच्या इंजिनासाठी महाग आहे. रिमॅपमध्ये मुख्यतः तीन गोष्टी बदलतात : ठिणगीची वेळ, पेट्रोलचं प्रमाण आणि टर्बो असेल तर बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब). विनाटर्बो इंजिनात बूस्ट नाहीच. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११:१ आहे, त्यामुळे ठिणगी पुढे न्यायला कंपनीने फार जागा सोडलेली नाही. थोडी पुढे नेली की उन्हाळ्यात, चढावर, भरलेल्या गाडीत नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) सुरू होतं. नॉक सेन्सर ते ऐकून ठिणगी मागे घेतो आणि तुम्ही विकत घेतलेली वाढ तिथेच परत जाते. रिमॅपनंतर जो तरतरीतपणा जाणवतो त्यातला बराचसा भाग पेडलच्या नकाशाचा असतो. पाव पेडलला अर्धा थ्रॉटल उघडला की गाडी चपळ वाटते, पूर्ण पेडलला मात्र तेवढीच ताकद. पेडल बॉक्स नावाने जे विकतात तेही एवढंच करतात.

टर्बो इंजिनाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे एका बीएचपीला पडणारा खर्च खरोखर कमी असतो.

टीएसआय_११०

टर्बोवाल्यांसाठी लिहितो, कारण धाग्याचं नाव बघून तेही येतील.

पोलो १.० टीएसआय : ९९९ सीसी, ११० पीएस, १७५ एनएम. नुसत्या सॉफ्टवेअरवर साधारण १३० पीएस आणि २१५-२२५ एनएम मिळतात. खर्च ३० ते ४५ हजार, म्हणजे बीएचपीमागे दोन हजारांच्या आसपास. स्विफ्टच्या कोटेशनमध्ये खरे चार-पाच बीएचपी धरले तर तोच भाव आठ-नऊ हजार पडतो.

पण मर्यादा इंजिनाची नाही, पुढच्या साखळीची असते. मॅन्युअल गिअरबॉक्स २०० एनएमच्या वर्गातला, ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. म्हणून ट्यूनरला सांगायचं की २,००० च्या खाली टॉर्क वाढवू नकोस आणि शिखर २१० च्या आसपास ठेव. जाहिरातीत मोठा आकडा दाखवण्यासाठी १,७०० ला २३० एनएम देणारा मॅप क्लच लवकर खातो. दुसरी भीती त्याहून मोठी. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएम आणि जास्त बूस्ट एकत्र आले की ठिणगीच्या आधीच पेट घ्यायचा धोका असतो, त्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. तेल कंपनीच्या स्पेकचं आणि एपीआय एसपी दर्जाचं हवं, आणि सहाव्या गिअरमध्ये १,५०० ला पेडल तळाला नेणं बंद.

मॅप केल्यावर ९५ किंवा वरचं ऑक्टेन कायम भरायची तयारी नसेल तर मॅप करूच नये. प्लग एक उष्णतांक थंड आणि गॅप थोडा कमी, हे बहुतेक ट्यूनर सांगतात आणि ते बरोबर आहे. बूस्ट वाढला की रुंद गॅपमध्ये ठिणगी विझते.

रांजणगाव_१२४८

जुन्या १.३ डिझेलबद्दल दोन शब्द. हे फियाटचं मल्टिजेट, आमच्या रांजणगावात टाटा आणि फियाटसाठी बनायचं, मारुती ते डीडीआयएस नावाने देत असे. ७५ पीएस, १९० एनएम. रिमॅपवर ९० पीएस आणि २२५-२३० एनएम सहज येतात.

अडचणी ठरलेल्या. लाखभर किमी झालेला क्लच १९० साठीच बनलेला असतो. टॉर्क वाढला की चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तो घसरायला लागतो. रिमॅपच्या बजेटमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग धरूनच ठेवा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड काजळीने भरलेला असेल तर आधी साफ करा. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो, आणि बीएस-४ डिझेलला पीयूसीत धुराची मर्यादा १.६२ आहे.

टायमिंग चेन थंड सुरुवातीला खडखडत असेल, तर रिमॅप विसरून चेन आणि टेन्शनर बघा.

आणि ती पाच-सात हजारांची ट्यूनिंग बॉक्स मुळीच लावू नका. ती रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसते आणि दाब कमी असल्याची खोटी खबर देते. ईसीयू दाब वाढवत राहतो. हजार बारच्या वर काम करणाऱ्या पंपाला आणि इंजेक्टरला फसवून चालवणं आहे ते. एका इंजेक्टरची किंमत त्या बॉक्सपेक्षा जास्त आहे.

कलम_५२

कायद्याची बाजूही लिहून ठेवतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ(४) खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, डिझेलचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) पोकळ करणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवणं हे उघड उल्लंघन. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या सर्व्हेत निघाला तर क्लेम अडकतो. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो चालतो असं नाही, वॉरंटीतल्या गाडीत तर ईसीयूमध्ये फ्लॅशची नोंद राहते.

लाल_स्विफ्ट

बरं, फिल्टरचं मान्य. सायलेन्सरचं काय? मोकळा पाइप म्हणजे धूर लवकर बाहेर, हे तरी खरं ना?

शुभदा_कॅल

अडथळा जिथे आहे तिथे काढला तर खरं. या गाडीत शेवटच्या डब्यात फारसा अडथळा नाही, त्यामुळे १४,००० च्या डब्याने एखादा बीएचपी मिळेल. जाड पाइप टाकला तर खालच्या आरपीएमला वायूचा वेग कमी होतो आणि घाटात लागणारा टॉर्क उलट घटतो. हेडर बदलायचा तर कन्व्हर्टर त्याला लागूनच असतो, म्हणजे पुन्हा कलम_५२ यांचा मुद्दा आणि डॅशबोर्डवर पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा एरर कोड).

कन्व्हर्टर तुंबलाय का हे मात्र जरूर तपासावं, कारण ९२,००० किमीत, विशेषतः मधे कधी मिसफायर होत राहिलं असेल तर, ते घडतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावतात. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत हवा. त्याहून जास्त आला तर गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते, आणि तिथे कुठलाही मॅप काही करू शकत नाही.

ट्यूनरने डायनोचा (ताकद मोजणाऱ्या रोलर यंत्राचा) कागद दाखवला तर त्यावर करेक्शन (हवामानानुसार आकडा जुळवायची पद्धत) कोणतं लावलंय ते वाचा. आधीचा रन एसएई आणि नंतरचा एसटीडी करेक्शनवर काढला, तर काहीही न करता चार टक्के वाढलेले दिसतात. दोन्ही रन एकाच दिवशी, त्याच टायर प्रेशरवर, त्याच गिअरमध्ये हवेत.

घाटपायथा

डायनो नसेल तर घरच्या घरी मोजता येतं का?

शुभदा_कॅल

येतं, पण अंगठ्याने स्टॉपवॉच दाबून नाही. समजा तिसऱ्यात ४० ते ८० ला ९ सेकंद लागतात. चार टक्के वाढ म्हणजे ०.३६ सेकंद. अंगठ्याची चूकच पाव-अर्ध्या सेकंदाची असते. ओबीडीचा लॉग चालू ठेवा. सपाट, मोकळा रस्ता, एसी बंद, टाकी तेवढीच, माणसं तीच. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, मग सरासरी. बदल एका वेळी एकच.

स्पॅनर_१०_१२

टायरचा विषय राहिला. कृष्णाकाठ, तुमचे टायर बदलायचेच आहेत, तर कुणी १५ इंची रिम आणि २०५/६५ विकायला बघेल. घेऊ नका. मूळ १६५/८० आर१४ चा बाहेरचा व्यास ६२० मिमी आहे, २०५/६५ आर१५ चा ६४८. म्हणजे गिअरिंग साडेचार टक्क्यांनी लांब झालं, प्रत्येक गिअरमध्ये चाकाची ओढ तेवढी कमी. रिमॅप जेवढं देईल तेवढं टायरनेच काढून घेतलं, वर रिमचं वजन वाढलं ते वेगळं.

१८५/७० आर१४ घ्या. व्यास ६१५ मिमी, म्हणजे मूळपेक्षा जेमतेम ०.८ टक्का लहान. तुमच्याच रिमवर बसतो, रस्त्यावरची पकड वाढते, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्या ८५ पेक्षा कमी असलेला मात्र घेऊ नका. चार टायर साधारण १८ ते २० हजारांत येतील. मायलेज किंचित उतरेल, त्याची तयारी ठेवा.

उतरण्याचाही विचार करा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. डीओटी-४ कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. महाबळेश्वरवरून चार माणसं घेऊन उतरताना पुढच्या डिस्क तापल्या की पेडल मऊ पडतं ते यामुळे. ताजं ऑइल आणि चांगले पॅड मिळून तीन हजारांच्या आसपास. पॅड बदलताना कॅलिपरच्या पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की ब्रेक थोडा लागलेला राहतो आणि इंजिन दिवसभर त्याच्याशी झगडतं. जॅकवर चाक हाताने फिरवून बघा, मागच्या ड्रमचंही, हँडब्रेक जास्त ताणलेला असेल तर तिथेही घासतं.

कृष्णाकाठ

स्कॅनर आला. आकडे :

कूलंट हायवेवर ६८ ते ७२, घाट चढताना ८०, उतरताना परत ६६.
ट्रिम आयडलिंगला अधिक ५, चढावर अधिक १४.
मॅनिफोल्ड प्रेशर चावी ऑनला ९३, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला ९१.
एरर कोड काही नाही. प्लग कधी बदलले माहीत नाही.

स्पॅनर_१०_१२

छान, आता बोलता येईल.

फिल्टर आणि सगळा इनटेक ठणठणीत. ६,५०० वाचले.

थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट उघड-बंद करणारी झडप) उघडा अडकलाय. गरम झालेलं इंजिन हायवेवर ७० ला राहायला नको. थंड इंजिनात ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, तेल घट्ट राहतं, मायलेजही जातं. थर्मोस्टॅट, ओ-रिंग आणि कूलंट मिळून मजुरीसकट दोन-अडीच हजारांचं काम. कूलंट भरताना हवा नीट काढायला सांगा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू, मग थंड झाल्यावर पातळी परत बघायची. पाइपात हवा राहिली तर हेड एका जागी तापतं.

ट्रिमबद्दल शुभदाताई सांगतील.

शुभदा_कॅल

अधिक ५ आणि अधिक १४ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला एका भागास सुमारे १४.१ भाग हवा लागते, २० टक्क्यांच्या पेट्रोलला साडेतेरा. त्यामुळे जुन्या गाडीचा ईसीयू सगळीकडे चार-पाच टक्के जास्त पेट्रोल सोडतो. आयडलिंगचे अधिक ५ एवढ्याने समजतात, त्यात बिघाड नाही.

भार आल्यावर मात्र १४ होतात. ताकद मागितली की पेट्रोल पुरत नाही. हवेची गळती हे कारण मी धरणार नाही. या गाडीत हवा मॅनिफोल्ड प्रेशरवरून मोजली जाते, गळती झाली तर प्रेशरमध्येच दिसते आणि आयडलिंग चढतं. उरतात तीन गोष्टी : टाकीतली जाळी किंवा फिल्टर, थकलेला पंप, कचरा धरलेले इंजेक्टर. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघत नाही, साठवलेल्या ट्रिमवरच विसंबतो. म्हणून तिथे मिश्रण पातळ राहून नॉकिंग होऊ शकतं. अशा अवस्थेत कुणी ठिणगी पुढे नेणारा रिमॅप केला असता तर पिस्टनला धोका होता.

कृष्णाकाठ

म्हणजे चार वर्षांपूर्वी तिसऱ्यात निघायची ती गाडी हीच. आता या तिघांत आधी काय बघू? सरळ पंप बदलून टाकू का?

स्पॅनर_१०_१२

पंप सरसकट बदलू नका, महाग आहे आणि बहुतेक वेळा दोषी नसतो. क्रम असा ठेवा.

आधी प्लग. एक-एक करून, इंजिन पूर्ण थंड असताना काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोबत येतात. काढण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर कचरा सिलेंडरमध्ये पडतो. मूळ नंबरचेच प्लग घ्या, चार मिळून ६०० ते ८००. इरिडियम ताकद देत नाहीत, फक्त जास्त टिकतात. बसवताना आधी हाताने फिरवायचे, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर कसायचे. जुने प्लग ओळीने ठेवून फोटो टाका. तीन तपकिरी आणि एक पांढराफटक असेल तर त्या सिलेंडरचा इंजेक्टर कमी सोडतोय. चारही पांढरट असतील तर जाळी किंवा पंप.

मग फ्युएल प्रेशर. गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. काम मोकळ्या हवेत, जवळ आग नको. आयडलिंगला प्रेशर मॅन्युअलप्रमाणे आलं आणि रेस दिल्यावर किंवा भार टाकल्यावर पडलं, तर मागच्या सीटखालून पंपाचं मोड्यूल बाहेर काढून जाळी बघायची. टाकी पावच्या खाली असू द्या. प्रेशर ढळलं नाही तर पंपाला हात लावायचा नाही, इंजेक्टर काढायचे.

इंजेक्टर बाहेर काढून अल्ट्रासॉनिकवर धुऊन घ्या, चौघांचं १,५०० ते २,५०० घेतात. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हे काम होत नाही. धुण्याआधी आणि नंतर चार नळ्यांत फ्लो टेस्ट दाखवायला सांगा, चौघांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ओ-रिंग नव्याच, बसवताना त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा. कोरडी रिंग दुमडते आणि पेट्रोल गरम इंजिनावर गळतं.

एवढं करून ट्रिम उतरले नाहीत तर मग कॉम्प्रेशन टेस्ट आणि कन्व्हर्टरचं गेज. कॉम्प्रेशन घेताना चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पाच-सहा फेरे. चौघांत दहा टक्क्यांच्या आत फरक चालतो. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर तेल टाकून परत घ्या. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह.

घाटपायथा

सीएनजी लावलेल्या १.२ ला हेच लागू?

स्पॅनर_१०_१२

तपासणी तीच, पण अपेक्षा कमी ठेवा. कंपनीनेच २०२२ च्या स्विफ्टचे आकडे पेट्रोलवर ९० पीएस आणि ११३ एनएम, सीएनजीवर ७७.५ आणि ९८.५ असे दिले आहेत. १४ टक्के गॅसमध्येच जातात. घाट लागण्याआधी पेट्रोलवर टाका. आणि सीएनजीला प्लग जास्त जपावे लागतात, गॅप वाढला की आधी गॅसवरच मिसफायर जाणवतं.

कृष्णाकाठ

प्लग काढले. १, २ आणि ४ तपकिरी. ३ नंबरचा पांढरा, टोकाला बारीक खडबडीत ठिपके.

शुभदा_कॅल

ते ठिपके पातळ मिश्रणात तापल्याचे आहेत. तीन नंबरचा इंजेक्टर. फ्लो टेस्ट होईपर्यंत घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या पेडलवर चढवा. प्लगच्या भोकातून टॉर्च टाकून पिस्टनचा माथाही बघून घ्या, कड वितळलेली दिसली तर बोअरस्कोप (सिलेंडरच्या आत बघायचा बारीक कॅमेरा) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्पॅनर_१०_१२

चारही इंजेक्टर एकदमच धुवायला द्या, एकटा तीन नंबर नको. परत बसवल्यावर स्कॅनरने जुने ट्रिम पुसून टाका, ५०-६० किमी शहर आणि हायवे मिळून चालवा आणि मग तेच दोन आकडे परत घ्या. आयडलिंगला आणि चढावर दोन्हीकडे ४ ते ६ दिसायला हवेत. थर्मोस्टॅट त्याआधी बदला, इंजिन थंड चालत असेल तर ट्रिमचे आकडे भरवशाचे येत नाहीत.